रंग ताटात हवा, गोळीत नको

आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यातल्या वाड्यांमधून पहाटे निघालेली भाजी लोकलच्या मालडब्यातून बोरिवली-दादरला जाते, हे वसईकरांना नव्याने सांगायला नको. त्यातलाच थोडा माल वसई गावातल्या होळी बाजारात आणि विरार-नालासोपाऱ्याच्या स्टेशनांबाहेर विकायला बसतो. लाल माठाच्या जुड्या, अळूची पानं, जांभळ्या कडांची वालपापडी, केळफूल, पपई, लाल भोपळ्याची फोड असा सगळा रंगीत बाजार आपल्या हाताशी आहे. तरीही घरपोच मागवली जाते ती परदेशी बेरीची पावडर, क्लोरोफिलचे थेंब आणि हळदीच्या कॅप्सूल. जाहिरातीत सांगितलेलं असतं की वनस्पतीतला रंग म्हणजे औषध, आणि त्याचा अर्क म्हणजे जास्त गुणकारी औषध.

पहिल्या विधानात थोडं तथ्य आहे. दुसरं बऱ्याचदा खोटं ठरलेलं आहे. म्हणून या रंगांबद्दल काय पक्कं कळलेलं आहे, आपल्या भागात कोणत्या दिवसांत काय घ्यावं, ते कसं शिजवावं, खोटा रंग कसा ओळखावा आणि कुणी जपून खावं, एवढं या लेखात पाहू.

रंगांचे चार गट

भाज्या-फळांतले बहुतेक रंग चार गटांत बसतात.

पहिला हिरवा, म्हणजे हरितद्रव्य. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. शिजवताना किंवा आंबट घातल्यावर तो निसटतो आणि हिरवी पालेभाजी शेवाळी, तपकिरी दिसू लागते.

दुसरा गट पिवळा, नारिंगी आणि टोमॅटोचा लाल. ही कॅरोटिनॉइडं. गाजर, पपई, आंबा आणि लाल भोपळ्यातलं बीटा-कॅरोटिन, टोमॅटो आणि कलिंगडातलं लायकोपिन, पालेभाज्या आणि झेंडूतलं ल्युटिन ही यातली ओळखीची नावं. ती तेला-तुपात विरघळतात, पाण्यात नाही. पालक आणि शेवग्याचा पालाही कॅरोटिनॉइडांनी भरलेला असतो, पण हरितद्रव्याच्या दाट हिरव्याखाली ती झाकली जातात. पान जून होऊन पिवळं पडतं तेव्हा दिसतो तो हाच लपलेला रंग.

तिसरा गट जांभळा, निळा आणि काही लाल छटांचा. ही अँथोसायनिनं. जांभूळ, करवंद, कोकम, वांग्याची साल, कोनफळ, जास्वंद आणि गोकर्ण यांचा रंग यांच्यामुळेच. ती पाण्यात विरघळतात आणि आंबट-खारं लागताच रंग बदलतात.

चौथा गट बीटालेनांचा. बीट, लाल माठ, मायाळूची पिकलेली फळं, फड्या निवडुंगाची बोंडं आणि लाल गराचं ड्रॅगन फ्रूट यांचा भडक किरमिजी रंग यात येतो. निसर्गाचा एक चमत्कारिक नियम असा, की ज्या झाडात बीटालेन असतं त्यात अँथोसायनिन सापडत नाही, आणि उलटही तसंच.

हा फरक स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहता येतो. लाल जास्वंदीच्या चार-पाच पाकळ्या कपभर गरम पाण्यात बुडवा. पाणी मळकट जांभळं होईल. अर्ध्या कपात लिंबाचे थेंब टाका, ते झळझळीत गुलाबी-लाल होतं. उरलेल्या अर्ध्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, ते हिरवट पडतं. आता लाल माठाच्या पाण्यात लिंबू पिळून पाहा. तिथे असा पालट होत नाही, कारण तो रंग वेगळ्या गटातला आहे. शाळकरी मुलांकडून हा प्रयोग जरूर करून घ्या. फुलं मात्र घरच्या कुंडीतली किंवा परसातली घ्या. हारासाठी पिकवलेल्या फुलांवर फवारणी झालेली असू शकते, त्यामुळे त्यांचा चहा करून पिऊ नये.

हळदीचा पिवळा, म्हणजे कुरकुमिन, या चारांत बसत नाही. त्याचा स्वभाव प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच गुणावर.

फायदा नेमका किती?

सगळ्यांत पक्का पुरावा बीटा-कॅरोटिनचा आहे. शरीर त्याचं अ जीवनसत्त्वात रूपांतर करतं. ते कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो आणि पुढे डोळा कायमचा जाऊ शकतो. या कमतरतेमुळेच १९७० साली आपल्याकडे मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आजही नऊ महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना सहा-सहा महिन्यांच्या अंतराने हे डोस दिले जातात. मूल गाजर-पपई खातं म्हणून अंगणवाडीतला डोस चुकवू नका, आणि डोस घेतला म्हणून भाजी बंद करू नका.

दुसरा बऱ्यापैकी ठाम पुरावा ल्युटिनचा. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी जो पिवळा ठिपका असतो, तिथे ल्युटिन आणि त्याचं भावंड झिआझँथिन साठतं. वयोमानाने त्या ठिपक्याची झीज होण्याचा विकार मधल्या टप्प्यात पोचलेल्या रुग्णांना अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीनंतर, २०१३ पासून, ही द्रव्यं असलेलं ठरावीक मिश्रण दिलं जातं. ते नेत्रतज्ज्ञाने सांगितल्यावरच घ्यायचं. निरोगी माणसाला पालेभाजी आणि अंड्याचा बलक पुरतो.

जांभळ्या रंगाचा पुरावा याहून सौम्य आहे. अमेरिकेत सुमारे ९३,६०० परिचारिकांच्या आहाराची अठरा वर्षं नोंद ठेवली गेली. ज्या जास्त अँथोसायनिन खात होत्या त्यांच्यात हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी दिसलं. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. फळं भरपूर खाणारी माणसं चालतातही जास्त आणि सिगारेटही कमी ओढतात. शिवाय अँथोसायनिन रक्तात फार थोडं जातं. त्याचं बरंचसं काम आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती असतं.

बीटाचा रस प्यायल्यावर रक्तदाब थोडा उतरतो, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण त्याचं श्रेय बीटालेनपेक्षा बीटातल्या नायट्रेटला जातं. भाजीत रंगाबरोबर तंतू, क्षार, फोलेट आणि क जीवनसत्त्वही येतं. फायदा या सगळ्यांचा मिळून असतो.

हळदीचा हिशोब करून पाहू. हळदीत वजनाच्या साधारण तीन टक्के कुरकुमिन असतं. अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळदीत ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास आलं. प्रयोगांत दिलं जातं ते याच्या कैक पट, आणि तरीही पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की सोबत मिऱ्यातलं पिपरिन दिलं तर माणसाच्या शरीरात कुरकुमिनचं शोषण वीसपट वाढतं. कॅप्सूलवाल्यांनी हा निष्कर्ष उचलला. पण अशा जादा शोषणाच्या कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वेगवेगळ्या देशांत झाली आहे. आमटीतल्या हळदीने असं होत नाही.

गोळीबद्दल सावध राहायचं सगळ्यांत मोठं कारण फिनलंडमध्ये सापडतं. गाजरं आणि पालेभाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिनची गोळी दिली. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत बीटा-कॅरोटिनबरोबर अ जीवनसत्त्वही दिलं होतं. तिथे हे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढलं आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. जे द्रव्य गाजरातून निर्धोक, तेच एकटं काढून मोठ्या मात्रेत दिल्यावर घातक ठरलं. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल किंवा पूर्वी ओढत असेल, तर बीटा-कॅरोटिनची गोळी त्यांच्यापासून लांबच ठेवा.

कोणत्या दिवसांत काय घ्यावं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या ताटाच्या हिशोबात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. चारशे ग्रॅम म्हणजे दोन वेळच्या भाज्या, एक पालेभाजी आणि कोशिंबीर. हे गाठायला महाग काही लागत नाही, ऋतू पाहून घ्यावं लागतं.

एप्रिल-मे महिन्यांत पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातून करवंदं येतात. आदिवासी बायका ती पानांच्या द्रोणांत घेऊन बसतात. मेअखेरीला जांभळं सुरू होतात. आपल्या जिल्ह्यातल्या बहाडोलीचं जांभूळ आकाराने आणि गराने नावाजलेलं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यातून निवडलेल्या जातीला 'कोकण बहाडोली' असं नाव दिलं, आणि या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. अँथोसायनिन मुख्यतः सालीत असतं, म्हणून जांभूळ सालीसकट खा. मिठाच्या पाण्यात बुडवून चघळत खाल्लं की तुरटपणाही कमी होतो. रातांबे मिळाले तर घरी कोकमाचं आगळ करून ठेवा. बाजारच्या सरबतात रंगापेक्षा साखर जास्त असते. आगळाची सोलकढी किंवा मीठ-जिरं घातलेलं पाणी यात तो प्रश्न येत नाही.

जून-जुलैत पारोळ, भाताणे, शिरसाड या बाजूने रानभाज्या उतरतात. टाकळा, कुर्डू, शेवळं आणि मागोमाग कंटोलीचे वाटे. या भाज्या चार-सहा आठवडेच मिळतात, तेव्हा दर आठवड्याला एक तरी घ्या. शेवळं आणि अळू यांना खाज असते, कारण त्यांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. शेवळांत काकडाची आंबट फळं आणि अळूत चिंच घालायची पद्धत त्यासाठीच आहे. ओळख नसलेली रानभाजी स्वतः खुडून आणू नका. विकणाऱ्या बाईला ती कशी निवडायची आणि कशात शिजवायची हे विचारून घ्या. तिच्याइतकी खरी माहिती कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही.

पावसाच्या शेवटी लाल भोपळा स्वस्त होतो. बीटा-कॅरोटिनच्या बाबतीत त्याच्या तोडीची परवडणारी भाजी कमी. घारगे, भरीत, सांबार, कशातही तो चालतो. कारली पिकून आत लाल झाली की आपण ती फेकतो. त्या बियांभोवतीच्या लाल गरात लायकोपिन भरपूर असतं. खायची सक्ती नाही, पण ते सडकं नसतं एवढं लक्षात असू द्या.

दिवाळीनंतरचे दिवस वसईचे. राजेळी केळी पिकतात आणि सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी होतात. राजेळीचा गर साध्या केळ्यापेक्षा पिवळसर असतो. सुकेळी झाल्यावर मात्र त्याच वजनात साखर बरीच वाढते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी ती मोजूनच खावी. केळफूल वर्षभर मिळतं. ते चिरताच काळं पडू लागतं, तेव्हा चिरून लगेच ताकाच्या पाण्यात टाकावं.

थंडी पडली की उकडहंडीचे बेत ठरतात. जांभळं कोनफळ, वालपापडी, रताळी आणि वांगी मसाला लावून मडक्यात बसवायची आणि अंगच्या वाफेवर शिजू द्यायची. रंगांच्या दृष्टीने ही रीत उत्तम, कारण ओतून द्यायला पाणीच उरत नाही. याच दिवसांत लाल गाजर येतं. त्यात बीटा-कॅरोटिनबरोबर टोमॅटोसारखं लायकोपिनही असतं. नारिंगी गाजर बारमाही मिळतं, त्यात बीटा-कॅरोटिनचाच भर असतो.

मासे खाणाऱ्यांना एक रंग किनाऱ्यावरही मिळतो. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावची करडी कोळंबी तव्यावर पडताच नारिंगी होते. तो अ‍ॅस्टाझँथिन नावाचा कॅरोटिनॉइड. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालापासून तो अन्नसाखळीतून कोळंबीत येतो. कच्च्या कोळंबीत तो प्रथिनाला बांधलेला असतो, उष्णतेने सुटतो. अंड्याचा गर्द पिवळा बलकही कोंबडीच्या खाण्यावर ठरतो. मका किंवा झेंडूचा अर्क खाद्यात असला की बलक गर्द होतो. त्यामुळे नुसत्या बलकाच्या रंगावरून अंडं गावठी आहे असं मानून जादा पैसे मोजू नका.

रंग टिकवणारा स्वयंपाक

आधी धुवा, मग चिरा. लाल माठ चिरून धुतला की परातीत गुलाबी पाणी उतरतं. तो रंग मोरीत गेलेला असतो, आणि त्याच्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही. जुडी सोडून दोन-तीन पाण्यांतून धुवा, निथळू द्या आणि मग चिरा.

पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या भाज्यांना थोडी स्निग्धता द्या. कॅरोटिनॉइडं तेलाशिवाय अंगी लागत नाहीत. तेल न घातलेल्या कच्च्या सॅलडमधून ती जवळजवळ शोषलीच जात नाहीत, हे प्रयोगांत दिसलं आहे. गाजराच्या कोशिंबिरीला चमचाभर तेलाची फोडणी किंवा दाण्याचं कूट, पालेभाजीत ओलं खोबरं एवढं पुरे.

गाजर आणि टोमॅटो थोडे शिजवा. शिजल्यावर पेशींच्या भिंती मोडतात आणि आतला रंग मोकळा होतो. टोमॅटोचं सार कच्च्या फोडींपेक्षा जास्त लायकोपिन देतं. जांभूळ आणि करवंद मात्र ताजंच खावं, उकळलं की अँथोसायनिन उडतं. बीट शिजवायचं झालं तर अख्खं, सालीसकट, देठाचा थोडा भाग ठेवून वाफवा आणि नंतर सोला.

पालेभाजी हिरवीगार दिसावी म्हणून सोडा घालू नका. रंग टिकतो, पण क आणि ब गटातली जीवनसत्त्वं नासतात. त्याऐवजी मोठ्या आचेवर, सुरुवातीला झाकण न ठेवता, थोडा वेळच परता. पानांतली आम्लं वाफेबरोबर निघून जातात आणि हिरवा रंग राहतो. टोमॅटो, लिंबू असलं आंबट शेवटी घाला. अळू त्याला अपवाद आहे. तिथे रंगापेक्षा खाज महत्त्वाची, म्हणून चिंच लवकर पडलेली बरी, फदफदं तपकिरी झालं तरी चालेल.

वांग्याचा सगळा जांभळा रंग सालीत असतो. भरतात ती साल जाते, भरली वांगी आणि काचऱ्यांत राहते. दोन्ही आलटून पालटून करा. केळफूल किंवा आवळा लोखंडी कढईत काळा पडतो, कारण त्यातलं तुरट द्रव्य लोहाशी जुळतं. त्याने अपाय होत नाही. कोकम आणि चिंचेचे पदार्थ मात्र कल्हई गेलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात ठेवू नयेत.

खोटा रंग ओळखा

खऱ्या भाजीचा रंग पेशींच्या आत असतो, तो नुसतं चोळून बाहेर येत नाही. यावर आधारलेल्या काही सोप्या चाचण्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितल्या आहेत.

मिरची, कारलं अशा हिरव्या भाज्यांवर लिक्विड पॅराफिनमध्ये भिजवलेला कापूस चोळा. कापूस हिरवा झाला तर मॅलकाइट ग्रीन या अखाद्य रंगाचा संशय घ्यावा. रताळ्याच्या लाल सालीवर पाण्यात किंवा तेलात भिजवलेला कापूस फिरवा. कापूस लाल झाला तर वरून रंग लावलेला आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि न ढवळता ठेवा. शुद्ध हळद तळाशी बसताना पाणी फिकट पिवळं करते, भेसळीच्या हळदीने ते गडद पिवळं होतं. हळद चकाकावी म्हणून शिशाचं पिवळं रसायन वापरण्याचे प्रकार बांगलादेशात उघड झाले होते. कारवाईनंतर शिसं सापडलेल्या नमुन्यांचं प्रमाण २०१९ मधल्या ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आलं. म्हणून डोळे दिपवणारं पिवळंधमक हळकुंड टाळलेलं बरं.

पाकिटावरचे खाद्यरंगांचे आयएनएस क्रमांकही वाचायला शिका. आयएनएस १०० म्हणजे कुरकुमिन, १४० हरितद्रव्य, १६० आणि १६१ कॅरोटिनॉइडं, १६२ बीटाचा रंग, १६३ अँथोसायनिन. याउलट १०२, ११०, १२२, १२४, १२७, १३२, १३३ आणि १४३ हे कृत्रिम रंग आहेत. त्यांना ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. मुलांच्या खाऊत ते रोज नसावेत. रस्त्यावरच्या गुलाबी 'बुढ्ढी के बाल'मध्ये सापडलेलं रोडामाइन-बी मात्र खाद्यरंगच नाही. त्यामुळेच तामिळनाडू आणि कर्नाटक सरकारांनी २०२४ साली अशा मालावर बंदी घातली.

कुणी जपून खावं

मूतखडा होऊन गेलेल्यांनी बीट, पालक, माठ आणि अळू रोज खाऊ नये, कारण त्यांत ऑक्झलेट जास्त असतं. त्यांना मेथी, लाल भोपळा, गाजर यांतून रंग मिळवता येतो.

रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी अचानक वाढवू किंवा बंद करू नये. तिच्यातलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. अशा रुग्णांनी आणि पित्ताशयात खडे असलेल्यांनी हळदीच्या कॅप्सूलही आपल्या मनाने घेऊ नयेत.

मधुमेहावर जांभळाच्या बियांचं चूर्ण घेण्याची जुनी पद्धत आहे. माणसांवरचा त्याचा पुरावा अजून तोकडा आहे. चूर्ण सुरू केलं म्हणून गोळी किंवा इन्सुलिन बंद करणं धोक्याचं आहे.

बीट किंवा लाल ड्रॅगन फ्रूट खाल्ल्यावर काही जणांना लाल लघवी होते. एक-दोन दिवसांत ती थांबते. न खाताही तशी होत असेल तर तपासणी करून घ्या. पपई-गाजर फार खाल्लं की तळहात पिवळे पडतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहिला असेल तर घाबरू नका, खाणं कमी केल्यावर रंग उतरतो. डोळेही पिवळे दिसत असतील तर ती कावीळ असू शकते, डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

आठवड्याचा साधा नेम

रोज एक पालेभाजी. आठवड्यातून तीनदा पिवळं-नारिंगी, म्हणजे भोपळा, गाजर, पपई किंवा हंगामात आंबा. दोनदा जांभळं, म्हणजे सालीसकट वांगं, कोनफळ, करवंद-जांभूळ, नाहीतर कोकम. दोनदा लाल माठ किंवा बीट. टोमॅटो आणि हळद रोजच्या फोडणीत असतातच. एवढ्यावर बाहेरून रंगाची एकही बाटली आणायची गरज पडत नाही.

इमारतीत राहणाऱ्यांनी खिडकीतल्या दोन कुंड्यांत मायाळूचा वेल आणि लाल माठ लावून पाहावा. माठ पेरल्यापासून महिनाभरात खुडायला येतो. ज्यांच्या मालकीची जागा आहे त्यांनी कुंपणाला एक शेवगा लावावा.

वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांपुढे गेली होती. तेव्हापासून इमारती वाढत आहेत आणि वाड्या आक्रसत आहेत. ज्या वाडीचा माल इथेच खपतो आणि त्याला बरा भाव मिळतो, ती टिकण्याची शक्यता जास्त. तेव्हा कॅप्सूलच्या एका बाटलीला जेवढे पैसे मोजता तेवढे महिनाभर स्थानिक भाजीवालीकडे खर्च करा, आणि भाव करताना जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका.